सोळा नावं, अठरा मुठी

“मनी मूठ टाकूच नका. मी आठे ऱ्हानारच नही, ते कोनाकरता टाकतस?”

समाधान ओट्याखाली उभा राहून बोलला, पण आवाज असा लावला की गोठ्यातल्या म्हशीनेही मान वळवली.

“तोंड आवर,” त्याचा बाप तोताराम म्हणाला. “कानबाईना गहू उघडा शे.”

“मंग झाकी ठेवा. मी काय खोटं बोली ऱ्हायनू का?”

“कॉलेज सोडं, आते देव बी सोडी दे. तठे सुरतले जाईसनी दोराना रिळसनी पूजा कर.”

“करसू. रीळ टोमना ते मारत नही.”

ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. समाधानची धाकटी बहीण कामिनी दारात गहू निवडत बसली होती, ती म्हणाली, “आम्हना पोरीसनी मूठच ऱ्हास नही, ते आम्ही कसावर रुसूत?” तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, पण समाधानला ते बोलणं आवडलं. भांडण चालू होतं म्हणून तो हसला नाही, इतकंच.

त्या भाऊबंदकीत कानबाईच्या रोटांचा गहू तराजूने घेत नाहीत. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई देवी घरात बसते. त्याआधीच्या शुक्रवारी सगळे भाऊबंद एका ओट्यावर जमतात. सगळ्यात म्हातारा माणूस एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि थोरल्या घरातली मोठी बाई त्या नावाची सव्वा मूठ गहू सुपात टाकते. काठी टेकणाऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत, सगळ्यांची. त्या गव्हात घरचा गहू घालून दळायचं, पीठ नावागणिक वाटून घ्यायचं आणि त्याचे रोट करायचे, म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. पाहुण्याला द्यायचे नाहीत, वेशीबाहेर न्यायचे नाहीत. पीठ उरलं तर रोज थोडं थोडं करून राखीपौर्णिमेच्या आत संपवायचं. खरकट्या हाताचं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात जिरवायचं. आणि मूठ निघते ती फक्त मेलेल्या माणसाची. जिवंत माणसाची मूठ काढली तर तो भाऊबंद राहिला नाही, एवढा साधा हिशेब.

सूप पुढ्यात घेऊन बसली होती ती यशोदाबाई. समाधानच्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे त्याची मोठी माय. सत्तरीला आलेली, सहा वर्षांपूर्वी नवरा वारलेला, अंगाने बारकी आणि हाताने त्याहून बारकी. लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू मुठी टाकायची. सासू गेली तेव्हापासून हे सूप तिच्याकडे आलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

खाटेवर उखर्डू बाबा. त्यांचं काम नावं घ्यायचं. एका नावाला एक खडा, डाव्या हातातून उजव्या हातात.

“भूषण बी असाच बोले,” उखर्डू बाबा म्हणाले आणि हातातल्या खड्यांकडे बघायला लागले.

सगळ्यांनी यशोदाबाईकडे पाहिलं. भूषण तिचा एकुलता एक मुलगा. सतरा-अठरा वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. समाधानने त्याला पाहिलेलं नव्हतं. पाहिला होता तो भिंतीवरचा फोटो: नुकती मिसरूड फुटलेली, शर्टाला दोन खिसे, आणि एका खिशात पेन लावावा तसा टेस्टर. पण नाव मात्र त्याने रोज ऐकलं होतं. गावात कुणी शाळा सोडली की त्याला ‘दुसरा भूषण’ म्हणायचे. समाधानने फेब्रुवारीत अकरावी अर्ध्यात सोडली, तेव्हापासून तो दुसरा भूषण झाला होता.

“मी कोनी दुसरा-तिसरा नही,” तो म्हणाला. “माले काम लागेल शे. एम्ब्रॉयडरीना कारखानामा. सेठ म्हने शनिवारी हजर नही व्हयना ते दुसरा पोऱ्या उभा शे. कानबाई रविवारनी शे, त्याले मी काय करू?”

“सोमवारी जाय,” तोताराम म्हणाला.

“सोमवारी सेठ तुम्हले ठेवी का कामवर?”

“बाबा, नाव लेवा तुम्ही त्यानं,” तोताराम उखर्डू बाबांना म्हणाला.

“लेऊ नका. मी नही खानार.”

उखर्डू बाबांनी हातातला खडा या बोटातून त्या बोटात फिरवला. म्हाताऱ्याला चहाची वेळ झाली होती. “पोऱ्या सोतानी जबानवरी सांगी ऱ्हायना,” ते म्हणाले. “नही लेत.” आणि त्यांनी पुढची नावं घ्यायला सुरुवात केली.

समाधान तिथून निघून जाणार होता, गेला नाही. त्याच्या डोळ्यांना सवयच तशी होती. शाळेतले सर म्हणायचे, याचं पुस्तक सोडून सगळीकडे लक्ष असतं. एक नाव, एक खडा, एक मूठ आणि वर चिमूटभर सव्वा. तो यशोदाबाईचा हात बघत राहिला. सोळावं नाव झालं. उखर्डू बाबांनी खडे खिशात टाकले, बायका उठायला लागल्या. आणि यशोदाबाईचा हात पोत्यात गेला, आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पदराखालून, पटकन, जणू सांडलेलं आवरतेय.

“मोठी माय,” तो म्हणाला, “सोळा नावे व्हयनात. तू अठरा मुठी टाक्यात.”

तोताराम हसला. रागात होता तरी हसला. “वहिनीनं गणित दर साल असंच ऱ्हास. तिना हात बारीक, म्हनीसनी एखादी जास्ती टाकस.”

“चुकनू व्हसू,” यशोदाबाई म्हणाली. सूप उचललं आणि आत गेली.

चुकलेला माणूस एकदा तरी सुपाकडे बघतो. तिने बघितलं नाही. समाधानने ते टिपलं. एक मूठ त्याची, ते तर कळलंच, आणि त्याचा त्याला रागही आला. पण दुसरी कोणाची?

शनिवारी सकाळी तो मित्राची, मगनची मोटरसायकल घेऊन निघाला. बॅग टाकीवर. गाडी शिंदखेडा स्टेशनवरच्या चहावाल्याकडे लावायची, मगन संध्याकाळी नेणार. बाप शेतात निघून गेला होता. वेशीवर यशोदाबाई पिशवी घेऊन उभी.

“कानबाईन्या बांगड्या, खन, नारय लेवाना शे. माले बाजारमा सोडी दे.”

“रिक्षा नही का आज?”

“रिक्षा शे. पन तू जाईच ऱ्हायना ना?”

त्याने बॅग पुढे सरकवली. ती मागे बसली, एका हाताने त्याचा खांदा धरून. रस्त्याने तिने कुणाची कपाशी पात्यावर आली, कुणाची पिवळी पडली ते सांगितलं. समाधान हूं हूं करत होता. शिंदखेडा आलं, कॉलेज दिसायला लागलं आणि त्याने रुमाल वर ओढून नाकापर्यंत बांधला. हेच कॉलेज त्याने फेब्रुवारीत सोडलं होतं. गेटवर प्रवेशाचा फ्लेक्स, खाली पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून.

“आठे थांबाड जरा,” यशोदाबाई म्हणाली.

“आठे कसाले? बाजार पुढे शे.”

“थांबाड ना.”

त्याने गाडी लिंबाखाली घेतली. ती उतरली आणि गेटच्या बाजूला एका जागी जाऊन उभी राहिली. तिथे काहीच नव्हतं, गटारीवरचा एक दगड फक्त.

“आठे एस.टी. उभी ऱ्हाये,” ती म्हणाली. “सातनी गाडीवर मी डबा टाकू. कंडक्टर आठे उतारी दे, भूषण उचली लई जाये. संध्याकायना गाडीवर रिकामा डबा परत. घासेल. एक कन ऱ्हाये नही.”

समाधानने मोबाईलवर वेळ बघितली. गाडीला अजून पाऊण तास होता.

“तीन वरीस धाडा डबा,” ती म्हणाली. “त्यामाईन दोन वरीस तो कॉलेजमा नव्हताच.”

“मंग?”

“बस स्टँडना मांगे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीनं दुकान व्हतं. तठे बसे. डबा आठून उचले, तठे जाईसनी खाये.”

समाधानला रुमालाच्या आत हसू फुटलं. इतकी वर्षं ज्या नावाने त्याला शिव्या पडल्या, तो माणूस पहिल्यांदाच त्याला ओळखीचा वाटला. “भारी व्हता ना भूषणभाऊ.”

“भारी व्हता,” ती म्हणाली. “घरना रेडिओ बिघडना ते तोच सुधारे. तुना मोठा बाबा बठ्ठा गावले सांगे, कॉलेजमा शिकाडतस असं.”

मोठे बाबा म्हणजे तिचा नवरा, मोतीलाल. सगळी हयात शेतात गेलेला. भूषणचा निकाल का लागत नाही म्हणून एक दिवस तो धुतलेलं धोतर नेसून या गेटमधून आत गेला. कारकुनाने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि सांगितलं की हे नाव दोन वर्षांपूर्वीच कमी झालंय. मोतीलाल तसाच चालत गावी आला, आठ किलोमीटर. पोराला एक शब्द बोलला नाही. तीन दिवसांनी शुक्रवार होता, कानबाईच्या मुठींचा.

“उखर्डू मामंजीनी भूषणनं नाव लिन्हं. मी मूठ टाकी. तुना मोठा बाबा म्हने, ती मूठ काढ.” यशोदाबाई गटारीवरच्या दगडाकडे बघत सांगत होती. “माले वाटनं राग शे, जाई उतरी. मी बठी ऱ्हायनू. तो पुन्हा म्हने, काढ. बठ्ठा भाऊबंद दखेत. मी सुपमाईन मूठ उचली नि पोतामा टाकी दिन्ही.”

“नि भूषणभाऊ?”

“पायरीवर बशेल व्हता. वायर सोली ऱ्हायंता. त्यानी बापकडे दखं नही. मनाकडे दखं. मंग चपला घाल्यात नि गया. माले वाटनं, जेवाले ई.”

एक एस.टी. धूळ उडवत गेली, थांबली नाही. ती आता पुढच्या चौकात थांबते.

“दुसरा साल तू जलमेल व्हता,” ती म्हणाली. “दोन महिनाना. उखर्डू मामंजीनी तुनं नाव लिन्हं. लोके म्हनेत, एक गया, एक उना, आकडा बराबर व्हई गया. मना आकडा नही बराबर व्हयना. मी गुपचूप एक मूठ जास्ती टाकी. तवयपाइन टाकस.”

“नि ते पीठ कोन खास?”

“मी.”

“तुले शुगर शे.”

“चार दिवसनी गोट.” मग म्हणाली, “पयले तुना मोठा बाबा खाये. पौर्णिमालोंग रोज जेवाले बसना का म्हने, एक रोट जास्ती दे. मी देऊ. कसाले मांगस ते त्यानी सांगं नही, मी इचारं नही. बारा वरीस.”

बोलायला काही नसलं की समाधानला राग यायचा, लहानपणापासून. “मंग मनी बी काढी टाक ना, मोठी माय. मी सोता सांगस. तुले काही दोस लागनार नही.”

“सांगनारनं काय,” ती म्हणाली. “काढनारना हात मना ऱ्हास.”

त्याने किक मारली. बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर तिला उतरवलं, “मनी गाडी चुकी” एवढंच म्हणाला आणि गेला. आरशात ती पिशवी धरून तिथेच उभी दिसत होती. मग मध्ये एक टेम्पो आला.

सुरतेत एका खोलीत अकरा जण होते, सगळे खान्देशातले. कारखान्यात लांबलचक मशीन, तिच्यावर सुयांची रांग, एकाच वेळी एकच फूल वीस ठिकाणी उमटायचं. धागा तुटला की पळत जाऊन सुई ओवायची. धागा तुटल्याचा मशीनवरचा दिवा लागायच्या आधीच समाधानला तुटलेला धागा दिसायचा. मास्टर म्हणाला, “लड़के की आँख तेज़ है.” पुस्तक सोडून सगळीकडे लक्ष असण्याचं कौतुक त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. ते घरी सांगावं असं वाटलं. पण बापाचा फोन आला नव्हता, आणि आपण करणार नव्हतो.

रविवारी कामिनीने व्हिडिओ पाठवला. नारळाची कानबाई, नाकात नथ, डोक्यावरून हिरवं लुगडं, पुढे रोटांचा नैवेद्य. बायका गाणी म्हणताहेत आणि कोपऱ्यात मोठी माय टाळ्या वाजवतेय, थोडी बेताल.

बुधवारी कामिनीचा फोन आला.

“बठ्ठासनं पीठ सरनं. मोठी मायना घर दोन डबा शेतस, एक ती करी करी खाई ऱ्हायनी. काल चक्कर उनी तिले. डॉक्टर वरडना.”

“नि दुसरा?”

“दुसराले हात लावू देत नही. म्हनस समाधाननं शे, तोच खाई.”

“मी सांगेल व्हतं ना टाकू नका म्हनीसनी. आखा गावसमोर सांगेल व्हतं.”

“माले काय सांगस? माले ते मूठ बी नही,” कामिनी म्हणाली. “पौर्णिमा शनिवारनी शे. तुले सांगं. ठेवस.”

तिने ठेवला. समाधानने फोनकडे बघून एक शिवी दिली, कोणाला ते त्यालाही माहीत नव्हतं. मग मशीनवर गेला. त्या दिवशी दोनदा सुई बोटात गेली.

शुक्रवारी कारखान्याला वीज नसायची, तीच आठवड्याची सुट्टी. पहाटेची भुसावळ पॅसेंजर त्याने पकडली. दाराशी उभा राहून आला. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं. शिंदखेड्याला उतरला तर फाटकाजवळ तोताराम मोटरसायकलवर बसलेला. एक पाय जमिनीवर, तोंड दुसरीकडे.

“कामिनी सांगे,” बाप म्हणाला.

“हं.”

“परत?”

“दुपारनी गाडी. सकाय कामवर जानं शे.”

समाधान मागे बसला. निम्मा रस्ता झाला तेव्हा बापाने आरशात बघून विचारलं, “बोटले काय व्हयनं?”

“सुई.”

“हयद लाव.”

खड्डे आले तिथे तोतारामने गाडी हळू घेतली. एरवी तो कुणासाठी हळू घेत नसे.

यशोदाबाई ओट्यावर बसली होती. त्याला बघून उठली. कधी आलास, कसा आलास काही नाही. “पाय धोय,” म्हणाली आणि आत जाऊन गॅस पेटवला. पुरण तयार होतं. म्हणजे तिने सकाळीच करून ठेवलं होतं. तो येणार हे तिला कोणी सांगितलं होतं की नव्हतं, ते त्याने विचारलं नाही.

तिने डबा उघडला. सव्वा मूठ आणि घरची भर मिळून पीठ होऊन होऊन किती होणार? चार रोट झाले. पहिला ताटात पडला तसा त्याने हातानेच तोडला, वरून तूप, बाजूला दूध. पोटात पहाटेपासून काही नव्हतं. दुसरा संपेपर्यंत त्याने मान वर करून बघितलंच नाही.

“तठे काय खातस?” तिने विचारलं.

“भात. अकरा जनसना एकच कुकर.”

“कोन करस?”

“पाया लायेल शेतस, एक दिन एक जन. मनी पायीना दिन बठ्ठा उपाशी ऱ्हातस.”

ती हसली. हसताना ती आजारी दिसली नाही. पण पायांना सूज होती, चपलेचा पट्टा जिथे बसतो तिथे वळ उठलेला. समाधानने ते पाहिलं. मशीनवर धागा बघतो तसं, तुटायच्या आधी.

चौथा रोट खाऊन झाला. गॅसच्या ओट्याच्या कडेला दुसरा डबा होता, तळाशी थोडं पीठ राहिलेलं.

“ते बी कर,” तो म्हणाला.

“ते तुनं नही.”

“माहीत शे.”

“ते मी खासू संध्याकायले. एकच शे.”

“डॉक्टर काय बोलना तुले?”

“डॉक्टरले काय करनं शे? त्याले काय कानबाई शे का?”

“मोठी माय,” समाधान म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच नवल वाटलं की आवाज चढला नाही, “रोट भाऊबंदनीच खावाना ना? मंग मी भूषणभाऊना कोन शे? भाऊच शे ना? भाऊनं भाऊनी खादं ते काय बिघाडस?”

यशोदाबाई डब्यावर हात ठेवून उभी राहिली. त्या डब्याला नवरा गेल्यापासून दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता. बाहेर तोताराम खाटेवर बसून चपलेचा अंगठा बघत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या वहिनीचं गणित दरवर्षी का चुकतं, हे त्याला आज कळलं असावं, कारण तो खोकलाही नाही.

मग तिने पीठ काढलं. हळू मळलं, हळू लाटलं. डब्याला चिकटलेलं पीठही बोटाने पुसून गोळ्यात घेतलं. रोट तव्यावर टाकला आणि पदराने कडा दाबत राहिली. टम्म फुगला. समाधानच्या ताटात वाढताना तिने दोन्ही हातांनी वाढला.

पाचवा रोट माणसाला जात नाही. अर्धा झाला आणि त्याचा घास तोंडात फिरायला लागला. त्याने दुधात बुडवून बुडवून खाल्ला. शेवटचा तुकडा राहिला तेव्हा ती म्हणाली, “तितला माले दे.”

“तुले गोड नही चालत.”

“एक घास. माय शे मी त्यानी.”

त्याने दिला. तिने उभ्यानेच खाल्ला, डोळे मिटून नाही की काही नाही, साधा, भाकरीचा खातात तसा. मग तांब्या घेतला आणि अंगणात खड्ड्याजवळ त्याच्या हातावर पाणी घालायला लागली. खड्डा तिने केव्हाच उकरून ठेवला होता. पाणी पडत होतं, माती पीत होती. सुई टोचलेलं बोट झोंबलं.

तोतारामने बाहेर गाडी चालू केली.

“समाधान,” ती पाणी घालता घालता म्हणाली, “सुरतमा टीव्ही दुरुस्तीनी दुकानं व्हतीन ना?”

त्याच्या लक्षात यायला क्षणभर लागला. भूषणभाऊ आता चाळिशीला आला असेल. पोट सुटलं असेल, चष्मा लागला असेल. फोटोतला टेस्टर तेवढा ओळखता येईल.

“आते टीव्ही कोनी दुरुस्त करत नही, मोठी माय. बिघडना का नवा लेतस.”

तांब्यातलं पाणी थांबलं. मग पुन्हा पडायला लागलं.

“मंग मोबाईलनी?”

“मोबाईलनी भलता शेतस. एक आखी गल्ली शे.”

“मंग ती गल्लीमा दख.”

त्याने हात पँटला पुसले. बॅग उचलली. बापाने हॉर्न दिला, एकदा, हलकासा.

“दखसू,” तो म्हणाला. “आते निंघस मी, मोठी माय. गाडीना टाइम व्हई गया.”